नोटीस न आलेलं घर

गल्लीत घरं तेवीस आणि नोटिसा आल्या बावीस.

रस्ता रुंद होणार होता. दोन्ही बाजूंची आठ-आठ फूट जागा सार्वजनिक हितासाठी जाणार होती, आणि महापालिकेचा शिपाई एका हातात खळीचा डबा नि काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन घरोघर भिंतींवर नोटिसा चिकटवत चालला होता. हेडमास्तरांच्या भिंतीवर त्यानं एक चिकटवली, हातानं नीट दाबली, आणि तो सरळ पुढच्या पिवळ्या दाराच्या घरी गेला. मधल्या घराकडे त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मधलं घर नकाशेसाहेबांचं, आणि ते स्वतः दारात उभे होते.

आता या वेळी त्यांना जो आनंद झाला, तो त्यांनी लपवायला हवा होता. पण माणूस छत्तीस वर्षं नगररचना खात्यात आरेखक म्हणून काढून निवृत्त झालेला. गल्लीनंच त्यांना नकाशेसाहेब हे नाव दिलेलं. आपल्या खात्यानं आपली आठवण ठेवली, या कल्पनेनं त्यांची छाती दोन इंच फुगली.

"खात्यात अजून माणुसकी आहे म्हणायची," ते हेडमास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

हेडमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, उपदेशातून नव्हते. "वर ओळख असली की असंच होतं," ते म्हणाले. "आमची काय ओळख? आम्ही आयुष्यभर फळ्यावर लिहीत बसलो."

समोर टेलरमास्तर आपल्या दुकानात कापड कापत होते. त्यांची जागा म्हणजे पुढे दुकान, मागे एक खोली, अरुंद नि लांबट, बोळ असावा तशी. आठ फूट गेले म्हणजे दुकानच गेलं, उरली फक्त झोपायची जागा. त्यांनी आपल्या भिंतीवरची नोटीस चष्मा लावून दोनदा वाचली, कात्री खाली ठेवली आणि हसून म्हणाले, "साहेब, तुमचं तरी वाचलं. बरं वाटलं." खरंच बरं वाटलं होतं त्यांना. हा माणूस तसाच होता, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पेपर आला नाही. तिसऱ्या दिवशी दूध आलं नाही. साहेबांनी दूधवाल्याला रस्त्यात गाठलं, तर तो गोंधळून म्हणाला, "तुमच्याकडे? घालतो की. उद्यापासून घालतो." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सायकल घेऊन हेडमास्तरांच्या दारातून थेट पिवळ्या दाराशी गेला. मधे त्यानं एकदा हँडल सोडून डोळे चोळले, एवढंच.

"तुम्ही ओरडला असाल त्याच्यावर," बायको म्हणाली. कुठल्याही घटनेचं मूळ साहेबांच्या स्वभावात असतं, हे तिचं जुनं मत.

चौथ्या दिवशी मात्र तिचीच बहीण आली. एकोणीस वर्षं या घरी येणारी बाई, डोळे बांधून सोडली असती तरी आली असती. तिनं गल्लीतूनच फोन केला. "अगं ताई, घर सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? हेडमास्तरांच्या शेजारी."

"तिथंच उभी आहे मी. हेडमास्तरांचं घर संपलं की मोकळी जागा आहे. थोडं गवत उगवलंय."

बायको हे ऐकत होती खिडकीत उभी राहून, आणि बहीण खिडकीच्या पलीकडे उभी होती, दोन हातांवर. तिच्या साडीचा काठसुद्धा मोजता येत होता. बायकोनं काचेवर टकटक केलं. बहिणीनं वर पाहिलं, बरोबर बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्यातून पलीकडे पाहत फोनमध्ये म्हणाली, "कसला तरी आवाज येतोय बाई इथं. मला बरं वाटत नाहीये."

शेवटी बायकोनं दार उघडून तिचा दंड धरला आणि तिला ओढून आत घेतलं. बहीण खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स पोटाशी घट्ट धरून. चहा प्यायली. "वारा फार येतो नाही तुमच्याकडे?" एवढंच म्हणाली. सगळ्या खिडक्या बंद होत्या. दहा मिनिटांत ती उठली आणि जाताना नमस्कार केला तो भिंतीला.

संध्याकाळ झाली. बायको केरसुणी घेऊन पुढची खोली झाडत होती, ती मधेच थांबली. दोन फरश्यांच्या सांध्यातून गवताची एक हिरवी काडी वर आली होती. तिनं ती उपटून टाकली. सकाळी दोन होत्या.

आणखी एक गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती, ती आता सांगितली. "मी चपला दाराकडे तोंड करून ठेवते. सकाळी बघते तर त्या मोरीकडे तोंड करून. चिमटा, सुरी, तुमचं पेन, सगळं तिकडेच तोंड करून पडलेलं असतं. कालपासून मी काहीच खाली ठेवत नाही."

साहेबांनी खिशातलं पेन टेबलावर ठेवलं. पेन अगदी सावकाश, आपल्याला घाई नाही अशा बेतानं, वळलं आणि थांबलं. साहेबांनी जुनं होकायंत्र काढून शेजारी ठेवलं. "उत्तर," ते म्हणाले. "अगदी अचूक." भीतीतही त्या अचूकपणाचं त्यांना जरा कौतुक वाटलं. छत्तीस वर्षांची सवय अशी जात नाही.

मग सल्ले सुरू झाले. हेडमास्तरांच्या मते हा सगळा रंगाचा दोष होता. "फिकट रंग डोळ्यांत भरत नाही. भडक नारिंगी लावा. आंधळ्यालासुद्धा दिसेल." साहेबांनी रंगारी बोलावला, त्याला हातानं धरून भिंतीपाशी उभं केलं आणि ते बाजारात गेले. परत आले तेव्हा हेडमास्तरांचं घर पुढून मागून नारिंगी झालं होतं, आणि हेडमास्तर त्याच्यासमोर उभे राहून इतके ओरडत होते की त्यांचे जुने विद्यार्थी असते तर पुन्हा पाढे म्हणायला लागले असते. रंगारी सांगत होता, "मोकळ्या जागेला रंग कसा लावू साहेब? जी भिंत होती तिला लावला."

मग साहेबांनी स्वतःच्या सुबक अक्षरात एक पाटी केली: 'हे घर आहे.' ती दारावर ठोकली. दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन पाटीसमोर उभी राहिली, आणि त्यांतल्या एकानं खिडकीतून साहेबांच्या तोंडासमोर हात नाचवत दुसऱ्याला विचारलं, "काय हो, हा प्लॉट विकायचाय का?"

दिसायचं ते एकट्या टेलरमास्तरांना. रोज सकाळी ते दुकानाची फळी उघडत, मशीनवर बसत आणि समोर पाहून हात वर करत. "नमस्कार साहेब! वहिनी, दूध आणलंय तुमचं, घेऊन येतो." आणि खरंच रस्ता ओलांडून, दारावर थाप मारून, दूध आत देत. साहेबांनी एकदा विचारलंही, तुम्हालाच कसं दिसतं म्हणून. मास्तर दातांत धरलेल्या टाचण्या काढून म्हणाले, "एकोणीस वर्षं तुमच्या दाराकडे तोंड करून बसतोय मी. सुईतून मान वर केली की तुमचं दार. आता सांगूनसुद्धा ते माझ्या डोळ्यांतून जायचं नाही."

मोजणीवाले आले तेव्हा मात्र साहेबांनी कंबर कसली. सरकारी माणसं. भाषा एक, खातं एक. दोघे जण होते, एकाकडे फीत, एकाकडे तिपाईवरची दुर्बीण. दार उघडं होतं. दोघे बुटांसकट आत आले आणि तिपाईचा एक पाय त्यांनी सतरंजीवर रोवला.

"मी या खात्यात छत्तीस वर्षं..." साहेबांनी सुरुवात केली.

"इथं फार शांत आहे," दुर्बिणीवाला म्हणाला.

"पुढं रस्ता, मागं मोकळं. सगळीच जागा मोकळी लिही," फीतवाला म्हणाला, आणि त्यानं फितीचं टोक साहेबांच्या छातीशी धरलं. दुर्बिणीवाल्यानं एक डोळा मिटून साहेबांच्या आरपार पाहिलं नि आकडा सांगितला. साहेब आयुष्यात एवढे थंड कधी पडले नव्हते. बायकोचं मात्र वेगळं. घरात माणसं आली की तिच्याच्यानं राहवत नाही. तिनं दोन कप चहा आणून त्यांच्या हातात दिला. दोघांनी तो प्यायला आणि कप सतरंजीवर ठेवून दिले. चहा कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही. सरकारी माणूस चहा कुठून आला हे विचारत नसतो.

जाताना फीतवाला म्हणाला, "इतरांचं आठ-आठ फूट आहे, त्याला वेळ लागेल. ही जागा मोकळीच आहे. गुरुवारी बुलडोझर इथूनच आत घालू, वळायला बरं."

साहेबांनी कपाटातून विजेचं बिल शोधून काढलं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की प्रकरण किती उलटं झालं होतं. बावीस घरं नोटीस रद्द व्हावी म्हणून अर्ज करत होती, आणि तेविसावा माणूस भूसंपादन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा राहून हात जोडत होता, "अहो, मला नोटीस द्या हो!" सोबत टेलरमास्तर होते. दुकान बंद ठेवून आले होते. तीन लग्नांचे कपडे शिवायचे पडले होते, तरी आले होते.

कारकुनानं यादी पाहिली. "तुमचं घर नाही."

"हे विजेचं बिल."

"बिल घराला येतं. घर नाही म्हणजे बिल चुकून आलंय. विजेवाल्यांना भेटा."

"मी राहतो तिथं!"

"राहत असाल. ते आमच्याकडे येत नाही."

टेलरमास्तर पुढं सरकले. "मी यांच्या समोर राहतो. घर आहे. दार निळं आहे, कडी पितळेची आहे, उंबऱ्याला डावीकडे खोक पडलीय. लिहून घ्या, मी सही करतो." कारकुनानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, लिहून घेतलं. मास्तरांनी सही केली. वळणदार, संथ सही, कापडावर खडूनं रेघ मारावी तशी.

"याचा उपयोग इतकाच," कारकून म्हणाला, "की नकाशा दुरुस्तीला घेता येईल. पण मूळ नकाशात घर नाहीये. नकाशा दुरुस्त करायला आरेखक लागतो, आणि आमच्याकडं आरेखक नाही. शेवटचा निवृत्त झाला, मग पद भरलंच नाही. आज मंगळवार. उद्या नकाशावर शिक्का बसतो. एकदा शिक्का बसला की देव आला तरी रेघ हलत नाही."

"शेवटचा आरेखक मीच," साहेब म्हणाले.

कारकुनानं खांदे उडवले. "मग खाली दप्तरखान्यात जा. पाचला बंद होतं."

टेलरमास्तर दुकान उघडायला परत गेले. साहेब एकटेच जिना उतरले.

दप्तरखान्यात एक दिवा आणि एक दप्तरी. दप्तरी इतका जुना होता की त्याला साहेब आठवत होते. त्यानं कापडी बासन सोडलं आणि मेजावर गल्लीचा ट्रेसिंग क्लॉथवरचा नकाशा उलगडला. एकतीस वर्षं हा नकाशा बासनात झोपला होता. गेल्या महिन्यात रुंदीकरण मंजूर झालं, तो बाहेर आला, अधिसूचनेला जोडला गेला, आणि त्या दिवसापासून त्यात जे होतं ते जगात आहे असं ठरलं. जे नव्हतं ते नव्हतं.

साहेबांनी अक्षर ओळखलं. त्यांचंच होतं. खाली सही त्यांची. आणि हेडमास्तर व पिवळं दार यांच्या मधल्या चौकोनाच्या जागी घर नव्हतं. तिथं उत्तरेचा बाण होता.

त्यांना सगळं आठवलं. शनिवारची दुपार. नकाशा पुरा झाला होता, फक्त बाण राहिला होता. आणि नकाशेसाहेबांचा बाण म्हणजे साधासुधा नव्हे. अर्धा काळा, अर्धा पांढरा, कडेला नक्षी, टोकाला अणी. अख्ख्या खात्यात तसा बाण कुणाला जमत नसे. वरिष्ठ साहेब पाहुण्यांना बोलावून दाखवत. पण त्या कागदावर त्याला जागाच नव्हती. तेव्हा तरुण साहेबांनी मधलं एक छोटं घर पाहिलं. 'कुणाचं तरी बैठं घर. एवढ्याशा चौकोनात कोण राहतंय?' असं म्हणून त्यांनी घर काढलंच नाही आणि बाण काढला. फार सुंदर आला. त्यानंतर बारा वर्षांनी त्यांनी भाड्याला कंटाळून एक बैठं घर विकत घेतलं, तेव्हा हे तेच घर, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

म्हणजे गेले पंधरा दिवस ते दोघं जण साहेबांच्याच बाणाखाली राहत होते.

"साडेचार झाले," दप्तरी म्हणाला.

साहेबांनी ब्लेड मागितलं. ट्रेसिंग क्लॉथवरची शाई पुसता येत नाही, खरवडावी लागते, अलगद, कापडाला जखम न करता. त्यांचा हात अजून तयार होता. त्यांनी स्वतःचा बाण खरवडून काढला. नक्षी काढताना त्यांना वाईट वाटलं, हे सांगायला त्यांना पुढे लाज वाटली. मग त्यांनी आपलं घर काढलं. चार रेघा. दाराची जागा. झालं. छातीवरचं ओझं उतरलं.

"आणि बाण?" दप्तरी म्हणाला. "बाणाशिवाय नकाशावर शिक्का बसत नाही. तुम्हीच सांगायचात."

चारी कोपरे जुन्या टिपांनी, सह्यांनी भरलेले. उजवीकडे खाली नखाएवढी जागा होती. दप्तरीनं बोट ठेवलं. "इथं बारीकसा काढा की. साधी रेघ नि टोक. चालतं हल्ली."

साहेबांनी ती जागा पाहिली. त्यांनी पेन तिथवर नेलं. पण हात खाली जाईना. बारीक बाण त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता. आणि हा त्यांचा शेवटचा नकाशा होता, यानंतर कुणी त्यांना पेन देणार नव्हतं. त्यांचे डोळे कागदावर फिरले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला एका चौकोनावर थांबले. अरुंद, लांबट, उभा. बाणासाठी बेतल्यासारखा.

'कुठली तरी शेड असेल,' साहेब मनाशी म्हणाले. 'एवढ्याशा चौकोनात कोण राहतंय?'

त्यांना कळलं नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या घराच्या बरोबर समोर काय आहे हे कुणाला कळत नाही? पण माणसाला एखादी गोष्ट कळत असताना तो तिच्याकडे पाठ करून बसू शकतो, आणि पाचला दहा कमी असताना तर फारच सहज बसू शकतो. ब्लेड चाललं. बाण आला. तोही फार सुंदर आला. दप्तरीनं दिवा जवळ आणून पाहिला आणि म्हणाला, "वा!"

बुधवारी सकाळी दूध दारात होतं, पेपर उंबऱ्यात होता. शिपाई खळीचा डबा घेऊन पुन्हा आला, कारण यादी सुधारली होती. त्यानं निळ्या दाराशी थांबून, "साहेब, जरा सरका," असं म्हणून नोटीस चिकटवली. आठ फूट जाणार. पुढची खोली जाणार. बायकोनं ती वाचली आणि आनंदानं रडली. अशी नोटीस वाचून रडणाऱ्या बायका पुष्कळ असतील, आनंदानं रडणारी ही एकच. मेहुणीचा फोन आला. हेडमास्तर नारिंगी भिंत विसरून हात मिळवायला आले. "बसा सगळे," साहेब म्हणाले, "मी टेलरमास्तरांना बोलावतो."

"कुणाला?" बायको म्हणाली.

"टेलरमास्तर. समोरचे."

"समोर कुठं कोण आहे?" हेडमास्तर म्हणाले. "समोर मोकळी जागा आहे."

साहेब दारात आले. समोर मोकळी जागा होती. थोडं गवत उगवलं होतं.

त्यांच्या अंगावर कालच मास्तरांनी खाली दुमड घालून दिलेली पँट होती. त्यांनी वाकून ती दुमड चाचपली, बारीक, एकसारखे टाके. मग ते रस्ता ओलांडून गवतात गेले आणि त्यांनी हात पुढे केला. हाताला दुकानाची फळी लागली. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. आतून मशीनचा आवाज येत होता.

"या साहेब!" टेलरमास्तर म्हणाले. आत पाऊल टाकल्यावर सगळं दिसलं: मशीन, टांगलेले कोट, मास्तरांचं हसरं तोंड. "एक गंमत सांगू? शिपाई सुधारित नोटिसा लावून गेला, नि माझ्या भिंतीला हात लावला नाही! जुनी होती तीपण काढून नेली. सुटलो म्हणायचं! माझी कुठं वर ओळख? तुमच्या पायगुणानं झालं सगळं." मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "फक्त ही कात्री बघा. कशीही ठेवली तरी तिकडंच वळते. आणि सकाळपासून एकही गिऱ्हाईक नाही."

मेजावर तीन कात्र्या होत्या. तिन्ही एकाच दिशेला तोंड करून पडल्या होत्या.  साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. नखाएवढी जागा होती तेही सांगितलं. सांगताना त्यांना रडू कोसळलं, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी कुणाही वरिष्ठासमोर मान खाली घातली नव्हती, ते मास्तरांच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांकडे पाहत बसले.

टेलरमास्तरांनी मशीन थांबवलं. पाय तसाच पेडलवर होता.

"चांगला आला का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बाण."

"चांगला आला," साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या बाणाची किळस आली.

मास्तरांनी मान हलवली. रागावले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं. "मग उद्या बुलडोझर इथूनच?"

ते थांबवायला साहेब पुन्हा कार्यालयात धावले. नकाशावर शिक्का बसला होता. "समोर दुकान आहे, मी साक्ष देतो," ते म्हणाले. कारकून म्हणाला, "कालच एक जण अशीच साक्ष देऊन गेला. रोज रोज घरं उगवायला लागली तर रस्ता काढायचा कुठून?" आणि खिडकी बंद झाली. मास्तरांना आपल्या घरी येऊन राहा म्हणून विनवलं, तर ते म्हणाले, "तीन लग्नांचे कपडे आहेत साहेब. मशीन उचलायला चार माणसं लागतात, आणि चौघांना ते दिसायला हवं."

गुरुवारी सकाळी बुलडोझर गल्लीत शिरला. आता वळायला मोकळी जागा समोरच्या बाजूला होती. गल्लीतले सगळे बघायला बाहेर आले, आणि त्यांना दिसलं की नकाशेसाहेब त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी, गवतात, आपल्या घरातली खुर्ची टाकून बसले आहेत. पाठ गवताकडे, तोंड बुलडोझरकडे.

"साहेब, उन्हात काय बसलात?" हेडमास्तर ओरडले. "डोक्याला काहीतरी गुंडाळा!" सल्ला द्यायचं त्यांनी तेव्हाही सोडलं नाही.

"अहो, उठा!" बायको रडकुंडीला आली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. इथं दुकान आहे. माझा कोट शिवायला टाकलाय मी. कोट झाल्याशिवाय उठणार नाही."

लोक हसले. साहेबांचे कान तापले. पण ते उठले नाहीत. बुलडोझर पुढे आला, आणखी पुढे आला, त्याचं लोखंडी तोंड साहेबांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबलं. साहेबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. ड्रायव्हरनं वरून काहीतरी ओरडून पाहिलं, इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही, तेव्हा त्यानं चिडून इंजिन बंद केलं.

गल्ली एकदम शांत झाली. आणि त्या शांततेत मोकळ्या जागेतून शिलाई मशीनचा आवाज आला. टकटक, टकटक, मधेच थांबून, पुन्हा टकटक.

कुणी हललं नाही. ड्रायव्हर अर्धा खाली उतरला होता, तो पायरीवरच राहिला. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा तर..." बायको हळूच म्हणाली. तिचा हात तोंडाशी गेला. "अहो, ते रोज आपलं दूध आणून द्यायचे ना... कोण बरं ते?"

मशीन थांबलं. साहेबांच्या पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, फितीचा गार स्पर्श झाला.

"साहेब, हलू नका," मागून टेलरमास्तर म्हणाले. "खांद्याचं माप घेतोय."

साहेबांनी डोळे पुसले आणि ते ताठ बसले.